फाइंड-रिप्लेसमध्ये सापडलेली चोरी

आज जाऊया अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर नावाच्या छोट्या गावात. साल 2004. तिथल्या शाळेच्या बोर्डाने ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं. काय, तर डार्विनच्या सिद्धांतात फटी आहेत, आणि 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे कुणीतरी बुद्धिमान रचनाकाराने जीवसृष्टी घडवली, हा पर्यायही आहे. जास्त माहिती हवी? मग 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक वाचा. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला चक्क नकार दिला, तेव्हा जानेवारी 2005 मध्ये शाळेच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. तोवर 11 पालक कोर्टात गेले होते.

प्रश्न साधा होता. हे विज्ञान आहे, की धर्मच नवा शर्ट घालून आलाय? कारण 1987 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांत 'क्रिएशन सायन्स' शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता.

आता माझा आवडता भाग, कारण इथे आमच्या धंद्यातली गोष्ट येते. पालकांच्या वकिलांनी 'पांडाज'चे जुने मसुदे कोर्टामार्फत मागवून घेतले. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते एकमेकांशी ताडून पाहिले. आपण कोडचा डिफ बघतो ना, अगदी तसंच. 1987 च्या निकालाआधी 'क्रिएशन' आणि त्याची भावंडं जिथे होती, तिथे निकालानंतर 'इंटेलिजंट डिझाइन' बसलं होतं. साधारण 150 ठिकाणी! व्याख्या मात्र जवळपास जशीच्या तशी. आणि एका जागी गडबड झाली. 'क्रिएशनिस्ट्स' काढून 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकताना आधीच्या शब्दाचा पहिला 'सी' आणि शेवटचं 'इस्ट्स' तसंच राहिलं. तयार झालं 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स'. असा शब्द कुठल्याच भाषेत नाही. टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला टाकलं की असं होतं, बाकी काय!

बचाव पक्षाचे तज्ज्ञ होते बायोकेमिस्ट मायकल बेही. विज्ञानाची त्यांची व्याख्या मान्य केली तर फलज्योतिषही त्यात बसेल का, असं उलटतपासणीत विचारलं. त्यांनी हो म्हटलं.

न्यायाधीश जॉन जोन्स यांना जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलं होतं, त्यामुळे ते आपल्या बाजूने झुकतील असं अनेकांना वाटत होतं. 20 डिसेंबर 2005 ला त्यांनी 139 पानी निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही. बोर्डाच्या काही सदस्यांनी शपथेवर खोटं सांगितल्याचंही त्यात स्पष्ट लिहिलंय. शाळेला पुस्तकं कुणाच्या पैशाने आली, हे माहीत नाही म्हणणाऱ्या एका सदस्याने स्वतःच चर्चमध्ये वर्गणी गोळा केली होती.

पण गावाने निकालाची वाट पाहिलीच नव्हती. नोव्हेंबरमध्येच बोर्डाची निवडणूक झाली, आणि त्या धोरणाच्या बाजूचे आठही उमेदवार पडले. नव्या बोर्डाने अपील केलं नाही. पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून सुमारे 10 लाख डॉलर मात्र त्यांनाच भरावे लागले.