कुंपणापलीकडची धाव

धावण्याविषयी मराठीत जी म्हण सर्वांच्या तोंडी आहे तिच्यात सरड्याची धाव कुंपणापाशी संपते. अमेरिकेत गेल्या काही दशकांत रुजलेला एक छंद या म्हणीच्या नेमका उलट चालतो. देशाच्या पन्नासही राज्यांत प्रत्येकी एक अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरांची शर्यत, पुरी करायची आणि नकाशावर एकेक राज्य रंगवीत जायचे. येथे कुंपणापाशी धाव थांबत नाही. कुंपणे मोजण्यासाठीच ती आरंभिलेली असते. असे धावणाऱ्यांचे संघ आहेत, त्यांचे नियम आहेत, नोंदवह्या आहेत. एका आठवड्यात पाच-सहा शेजारी राज्यांत लागोपाठ शर्यती भरवणारे आयोजकही आहेत, म्हणजे रजा कमी असलेल्या नोकरदाराचीही सोय होते.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने न्यू जर्सीहून हा छंद आम्हांला कळवला आणि सोबत विचारले, की यात वाङ्मयाच्या अभ्यासकाला पाहण्याजोगे काही आहे काय? आमचे उत्तर असे, की यादी हासुद्धा एक जुना वाङ्मयप्रकार आहे, आणि कोणतीही यादी काही गोष्टी समान मानल्याखेरीज करता येत नाही. अष्टविनायक किंवा बारा ज्योतिर्लिंगे ही उदाहरणे मराठी वाचकाला लगेच सुचतील. परंतु तीर्थयात्रेत स्थान ठरलेले असते, येथे राज्याच्या हद्दीत कुठेही धावले तरी चालते. या यादीत इवलेसे ऱ्होड आयलंड आणि अवाढव्य अलास्का यांचे मोल सारखेच, एक. (सिनेटमध्येही दोघांना दोनदोनच जागा आहेत, तेव्हा ही गंमत धावपटूंची नसून मूळ राज्यघटनेची आहे. वॉशिंग्टन शहर हे राज्य नव्हे, म्हणून काही जण ते मोजतात, काही सोडून देतात. तेथील नागरिकांना सिनेटमध्ये प्रतिनिधी नाही, हे येथे सहज आठवते.) प्रत्येक राज्य सारखे आणि प्रत्येक एकवीस किलोमीटर सारखे, अशा दोन समानता या छंदाच्या मुळाशी गृहीत धरलेल्या आहेत. त्या दोन्हींना इतिहास आहे, आणि त्यांपैकी कोणतीही आपोआप आलेली नाही.

पहिल्या समानतेची परीक्षा पाहायची तर १९२८ सालाकडे जावे लागते. त्या वर्षीच्या ४ मार्चला लॉस एंजलिसमधील लीजन ॲस्कॉट स्पीडवे या मोटारशर्यतींच्या मैदानावरून १९९ माणसे न्यूयॉर्कच्या दिशेने धावत निघाली. चार्ल्स सी. पाइल नावाच्या तमासगीर वृत्तीच्या ठेकेदाराने ही शर्यत भरवली होती. फुटबॉलपटू रेड ग्रेंज याचा तो व्यवस्थापक. ग्रेंजलाही त्याने सूत्रधार म्हणून बरोबर घेतले होते. दोन वर्षांपूर्वीच, १९२६ साली, 'रूट ६६' या महामार्गाला क्रमांक मिळाला होता आणि त्या रस्त्याची जाहिरात व्हावी अशी त्याच्या पुरस्कर्त्यांची इच्छा होती. पहिल्या क्रमांकास २५,००० डॉलर बक्षीस होते. एकूण अंतर ३,४२३ मैल, म्हणजे सुमारे साडेपाच हजार किलोमीटर, चौऱ्याऐंशी दिवस, रोजची सरासरी पासष्ट किलोमीटरांची. आजच्या भाषेत रोज तीन अर्धमॅरेथॉन, अडीच महिन्यांहून अधिक काळ. वृत्तपत्रांनी पायाच्या अंगठ्याशी वाढणाऱ्या हाडाच्या गाठीवरून तिचे 'बनियन डर्बी' असे टोपणनाव पाडले. जेवण निकृष्ट, निजायला तंबू नाहीतर गोठे, आणि पाइलसाहेब मात्र ऐषारामी बसमधून मागेपुढे हिंडत होते. पंचावन्न जण न्यूयॉर्कला पोहोचले.

जिंकला तो अँडी पेन. वय वीस, चेरोकी वंशाचा, ओक्लाहोमातील फॉयल या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला एकूण ५७३ तास ४ मिनिटे ३४ सेकंद लागले. त्याची कथा सांगताना अमेरिकी लेखक शेतावरच्या कर्जाचा उल्लेख करतात, बक्षिसाच्या पैशातून ते फिटल्याचे सांगतात, आणि ती कथा हृद्य आहेच. आम्हांला मात्र त्याच्या जन्माची तारीख अधिक बोलकी वाटते. पेन जन्मला नोव्हेंबर १९०७ मध्ये, आणि ओक्लाहोमा हे राज्य अस्तित्वात आले तेही त्याच महिन्याच्या १६ तारखेला. त्यापूर्वी त्या भूमीच्या पूर्वभागाला 'इंडियन टेरिटरी' म्हणत. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना आग्नेयेकडील त्यांच्या मायभूमीतून हुसकून शेकडो मैल चालवत तेथे आणण्यात आले, आणि त्या वाटेवर हजारोंनी प्राण सोडले. पुढे तीही भूमी एका नव्या राज्यात विरघळवण्यात आली. आज त्या राज्यात अर्धमॅरेथॉन धावून नकाशाचा एक तुकडा रंगवणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरज नाही. पण तो तुकडा तसा का कापला गेला याचे उत्तर या सक्तीच्या पदयात्रेत आहे. एका चेरोकी मुलाने देश पायी ओलांडून जिंकावा, यातली विसंगती १९२८ च्या वार्ताहरांना फारशी जाणवली नसावी.

त्याच शर्यतीत सिअ‍ॅटलचा एडी गार्डनर धावत होता. कृष्णवर्णीय, अनुभवी, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून धावणारा. म्हणून लोक त्याला 'शेख' म्हणत. पश्चिमेच्या राज्यांत तो आघाडीच्या धावपटूंत होता. टेक्ससची हद्द ओलांडताच नियम बदलले. कृष्णवर्णीय धावपटूंना निजायला वेगळा तंबू आला. मॅक्लीन या गावी जमावाने गार्डनरच्या प्रशिक्षकाच्या मोटारीला घेराव घालून ती पेटवून देण्याची धमकी दिली. पुढे पश्चिम ओक्लाहोमात एक शेतकरी बंदूक रोखून दिवसभर त्याच्या पाठीशी राहिला. गोऱ्या माणसाला मागे टाकून दाखव, असे आव्हान देत. ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने राज्य झाल्यावर केलेला पहिला कायदाच मुळी रेल्वेच्या डब्यांतून गोरे आणि काळे यांना वेगळे बसवण्याचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेतकऱ्याला एकटाच माथेफिरू म्हणून बाजूला सारता येत नाही. राज्याची हद्द ही गार्डनरच्या दृष्टीने पदकाची खूण नव्हती. तेथून पुढे वेग किती ठेवायचा, कोणाला मागे टाकायचे आणि कोणाला नाही, हे ती ठरवत होती. एखाद्या धावपटूने जाणूनबुजून मागे राहणे ही क्रीडेच्या इतिहासातील भीषण गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही. गार्डनर न्यूयॉर्कला आठवा आला. तिसरा आला तो फिलिप ग्रॅनव्हिल, कॅनडाचा कृष्णवर्णीय धावपटू.

पाइलने पुढच्या वर्षी उलट दिशेने, न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला, दुसरी शर्यत भरवली. साडेतीन हजार मैल धावून पहिल्या दोघांत अंतर उरले ते तीन मिनिटांहूनही कमी. जिंकलेल्या जॉन सॅलोला आणि हरलेल्या पीटर गवुझीला जाहीर झालेले पैसे मिळाले नाहीत. असो, तो विषय वेगळा.

राज्यवार यादीचा एक निराळा नमुना याच काळानंतर छापला जाऊ लागला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून पाहावा असे आम्हांला वाटते. न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ पासून 'निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढली. राज्याचे नाव, त्याखाली शहर, त्याखाली कृष्णवर्णीय प्रवाशाला जेथे खोली, जेवण किंवा केस कापून मिळतील अशा जागांचे पत्ते. बाकी काही नाही. वर्णन नाही, तक्रार नाही, विशेषणही क्वचित. कोरड्या पत्त्यांची ही यादी वाचताना जी गावे तिच्यात आलेलीच नाहीत त्यांचा विचार मनात येत राहतो. पन्नास राज्यांच्या आजच्या यादीत प्रत्येक राज्य एक खूण मागते. ग्रीनच्या यादीत प्रत्येक राज्य एक प्रश्न होता, रात्री कुठे? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ग्रीन बुकचे प्रकाशन थांबले.

कायद्याने प्रश्न संपतो असे मात्र नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया राज्यातील ब्रन्झविकजवळ अहमोद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण एका वस्तीतून धावत असताना तीन गोऱ्या माणसांनी त्याचा गाड्यांतून पाठलाग केला आणि त्यांपैकी एकाने त्याला गोळी घातली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरले. जॉर्जियातही अर्धमॅरेथॉनी होतात, आणि त्या राज्याची खूण करायला तेथील एकवीस किलोमीटर पुरतात.

आता दुसरी समानता, अंतराची. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, आणि कोस स्वतःसुद्धा प्रांताप्रांतात बदलत असे. मॅरेथॉनचेही आरंभी असेच होते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ साली लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातील राजघराण्याच्या आसनापर्यंत मोजून ते २६ मैल ३८५ यार्ड झाले, आणि १९२१ मध्ये तेच कायम करण्यात आले. अर्धमॅरेथॉन ही त्याचा निव्वळ गणिती निम्मा भाग. तिच्यामागे ना दंतकथा, ना कोणी धावत येऊन प्राण सोडलेला दूत. कदाचित म्हणूनच ती सामान्यांना जवळची वाटली असावी: शनिवारी विमानाने जावे, रविवारी धावावे, सोमवारी कामावर हजर. १९९० मध्ये अमेरिकेत ती पुरी करणारे जेमतेम तीन लाख होते. २०१४ मध्ये ती संख्या वीस लाखांवर गेली, आणि त्यांत सुमारे साठ टक्के स्त्रिया होत्या. हा शेवटचा आकडा १९२८ शेजारी ठेवून पाहावा. त्या उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, धावणाऱ्या स्त्रिया कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या, आणि १९६० पर्यंत ते अंतर स्त्रियांच्या वाट्याला पुन्हा आले नाही. पाइलच्या शर्यतीत तर स्त्रियांचा प्रश्नच कोणी काढला नव्हता. बॉस्टन मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ साली.

लक्षावधी लोक धावू लागले, की 'माझे एकवीस आणि तुझे एकवीस सारखेच कशावरून' हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत त्याचे उत्तर शोधले टेड कॉर्बिट या माणसाने. जन्म १९१९, दक्षिण कॅरोलायना. आजोबा गुलामीत जन्मलेले. विद्यापीठात असताना गोरे खेळाडू त्याच्याबरोबर धावायला नकार देत, म्हणून काही शर्यतींत त्याला उतरताच आले नाही. १९५२ साली हेलसिंकीला तो अमेरिकेच्या ऑलिंपिक मॅरेथॉन संघात होता. त्या संघातील पहिला कृष्णवर्णीय धावपटू. पोटापाण्याला भौतिकोपचाराचा व्यवसाय. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या धावपटूंनी संघटना काढली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला. आणि १९६४ साली, म्हणजे नागरी हक्क कायद्याच्याच वर्षी, त्याने रस्त्यावरील शर्यतींचे मार्ग कसे मोजावेत यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तोवर मार्ग मोटारीच्या मीटरवर मोजले जात, आणि ते मीटर किती भरवशाचे हे कोणालाही ठाऊक आहे. इंग्लंडमधील जॉन ज्युएल याने सायकलीने मोजण्याची रीत मांडली होती. कॉर्बिटने ती अभ्यासली, पारखली आणि अमेरिकेत रुजवली.

ही रीत थोडक्यात अशी. आधी पोलादी टेपने मोजून घेतलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवायची आणि त्या अंतराला पुढच्या चाकाचे फेरे किती होतात ते नोंदवायचे. मग शर्यतीच्या मार्गावर, वळणांच्या आतल्या कडेने, धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने सायकल न्यायची. ऊन चढले की टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा घेर बदलतो, म्हणून काम संपल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर परतून फेरे तपासायचे. एवढे करूनही मोजणाऱ्याचा हात चुकेल, तेव्हा मार्ग कमी भरू नये यासाठी हजारी एक या प्रमाणात लांबी मुद्दाम वाढवायची, असा नियम पुढे झाला. अलास्कात आणि ऱ्होड आयलंडात, टेक्ससमध्ये आणि ओक्लाहोमात प्रमाणित मार्ग आजही याच पद्धतीने मोजले जातात. अर्धमॅरेथॉनमागे ही वाढ एकवीस मीटरांची होते; पन्नास राज्ये पुरी होईतो धावपटूच्या पायांखालून किलोमीटरभर रस्ता जास्तीचा गेलेला असतो.