औंधच्या राजाचे लाख रुपये आणि परिशिष्टातला गणपती

१९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला जेमतेम वर्ष झाले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तिथे महाभारताची चिकित्सक, सचित्र आवृत्ती काढण्याची कल्पना मांडली आणि एक लाख रुपये देऊ केले. एवढ्याशा संस्थानाला ही रक्कम लहान नव्हती. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. चित्रांची बाजूही त्यांनीच उचलली. १ एप्रिल १९१९ रोजी रा. गो. भांडारकरांच्या हस्ते कामाला आरंभ झाला.

खरा पेच वगळण्याचा होता. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीपासून केरळच्या मल्याळम पोथीपर्यंत प्रत्येकीत काही ना काही जास्तीचे. १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या वि. सी. सुकथनकरांनी दंडक घातला : पोथ्यांच्या एकाच शाखेत आढळणारा, दुसऱ्या स्वतंत्र शाखेचा दुजोरा नसलेला मजकूर संहितेबाहेर.

त्या दंडकापुढे व्यासांचा लेखनिक गणपतीही टिकला नाही. न थांबता सांगण्याची त्याची अट, समजल्याशिवाय न लिहिण्याची व्यासांची उलटअट, ही सारी कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. पुढे सभापर्वात अमेरिकन संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही तळटिपेत ठेवला.

आज प्रोग्रॅमर गिट या फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ‘इग्नोर’ फाइल लिहितात, तिचा व्यवहार याच जातीचा. एका ओळीत नमुना दिला की तशा साऱ्या फाइली बाहेर. खालच्या ओळीत उद्गारचिन्ह लावून एखादीला परत आत घेता येते. शेवटची जुळणारी ओळ चालते. मात्र अख्खे फोल्डरच वगळले असेल, तर आतल्या एका फाइलीपुरता अपवाद चालत नाही. आणि आधीच नोंदीत असलेल्या फाइलीला हा नियम शिवतही नाही.

पण गिट वगळलेल्या फाइलीची प्रत ठेवत नाही. सुकथनकरांनी ठेवली. वगळलेल्या ओळींना तारांकित क्रमांक, त्या कोणत्या पोथ्यांत आहेत याची नोंद, संशयित शब्दांखाली नागमोडी रेघ. संपादकाचा निर्णय न पटणाऱ्याला ओळी परत आत घेण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाल्यावर नेपाळातून एक जुनी पोथी मिळाली. सुकथनकरांनी गाळलेल्या कित्येक ओळी तिच्यातही नव्हत्या.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्तीचा सोहळा झाला, तेव्हा सुकथनकर (१९४३) आणि बाळासाहेब (१९५१) दोघेही हयात नव्हते. १,२५९ हस्तलिखिते ताडून १९ खंड सिद्ध झाले होते. कीर्तनात गणपती आजही व्यासांसमोर लिहायला बसतो. त्याची कथा कोणत्या पोथ्यांत आहे, हे आदिपर्वाच्या परिशिष्टात पाहता येते.