हळदीचा दरवळ



चैत्राच्या सुमारास सांगलीच्या बाजारात नव्याने आलेल्या माणसाला हळदीच्या सौद्यांची वाट विचारावी लागत नाही. त्याचे नाकच त्याला तिकडे घेऊन जाते. हा वास उबदार, थोडा तिखट आणि मागाहून किंचित गोड असतो. फूल उमलले की त्याचा सुगंध आपोआप येतो. हळदीचा वास मात्र घडवावा लागतो, आणि म्हणूनच त्याला इतिहास आहे.

पहिली गोष्ट अशी की, हळदीला रुजणारे बी धरत नाही. गेल्या सालचा कंद यंदा लावायचा, हीच तिची वंशावळ. वाई-कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी जी हळद पिकते, ती कोणाच्या तरी हातून कोणाच्या तरी हाती आलेली आहे.

ओला गड्डा मोडून पाहा. त्याला आल्यासारखा झणका आणि मातीचा वास येतो. मग तो काहिलीत शिजतो आणि कच्चेपणा जातो. पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळतो, ढोलात घासला जातो. पाच मण ओल्या हळदीची जेमतेम एक मण वाळकी होते. रंग देणारे द्रव्य निराळे आणि वास देणारे तेल निराळे. हे तेल उडून जाणारे असल्यामुळे अख्खे हळकुंड वास धरून ठेवते, दळलेली पूड लवकर गमावते. गरम तेलात चिमूटभर टाकली म्हणजे तिखटपणा मवाळ होऊन गोडवा पुढे येतो, हे आपल्या घरच्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही.

हा माल वर्षानुवर्षे टिकवायचा कसा? कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या चिकण मातीने याचे उत्तर दिले. तेथे पेवे खणली गेली : तोंड अरुंद, पोट रुंद, खोली सुमारे २० फूट. तोंड लिंपून बंद केले की आतला प्राणवायू सरतो आणि किडा जगत नाही.

पण जेथे किडा जगत नाही, तेथे माणूस कसा जगेल? पेव उघडल्यावर बराच वेळ वारा खेळू द्यावा लागे. कंदील आत सोडून तो विझत नाही ना, हे पाहावे लागे. घाई केली तर उतरणारा आतच गुदमरे. पेवाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आत उतरणाऱ्या हमालाचे नाव मात्र कोणत्या वहीत आहे? हमालांत काम करताना हा प्रश्न मला अनेकदा टोचला आहे. ढोलाची धूळ छातीत साठवून खोकणारे म्हातारे मी पाहिले आहेत.

पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी ओझे वाहणाऱ्यांना एकत्र केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी मंडळांवर आली. पाठीवरच्या पोत्याला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला.

२००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले. त्यानंतर माल बहुतांशी गोदामांत आणि शीतगृहांत गेला. जखमेवर हळद लावण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रीय संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव मालाला लागले, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण श्रोतेहो, ग्रंथांतले ज्ञान जसे पुराव्यानिशी राखले, तसे हातांतले ज्ञानही राखले पाहिजे. पालीच्या खंडोबाला भंडारा उधळताना, लग्नघरी हळद लावताना हा वास आला, की कंद जपणारी, काहिलीपाशी भाजून निघालेली आणि कंदील घेऊन पेवात उतरलेली माणसे आठवा. पेवात उतरलेले म्हातारे अजून हरिपुरात भेटतील. त्यांच्याजवळ बसून त्यांची नावे लिहून घेण्याचे काम आपल्या वाचनालयांनी हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.