‘मोडशी’ या रोगनामाविषयीं थोडें

गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याचा औषधिविषयक संवादग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. बहुधा एका अहोरात्रांत मनुष्याचा प्राण घेणाऱ्या एका रोगाचें त्यांत वर्णन आहे. एतद्देशीय लोक त्यास ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही तें बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतों, असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. गास्पार कोरेया यानेंही गोव्यांतील १५४३ च्या साथीस याच नांवानें उल्लेखिलें आहे. पुढें फ्रेंचांच्या तोंडीं त्याचें ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’, असें रूप झालें. रोगाच्या मानानें अर्थ शोभला खरा. पण मूळ शब्द झांकला गेला. यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या आपल्या कोशांत तो मराठी ‘मोडशी’शीं व ‘मोडणें’ या धातूशीं जोडून दाखविला. ही व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते.

येथवर वाद नाहीं. परंतु बंगालांत जेसोर येथें १८१७ सालीं उद्भवून दूरदूर पसरलेली पटकी त्यापूर्वींही या देशांत होती, यास ‘मोडशी’ हा शब्दच पुरावा होय, असें कोणी म्हणेल तर तें मान्य करतां येत नाहीं. ओर्त व कोरेया यांच्या लेखांचें बळ त्यांतील वर्णनांत आहे, नांवांत नव्हे. सणाचें जेवण अंगावर आलें तरी आपल्याकडे मोडशीच झाली म्हणतात! नांव लक्षणांवरून पडलें. कारण कोणाच्या दृष्टीस पडलेंच नव्हतें. पटकीचा जंतु पाचिनी यानें फ्लॉरेन्स येथें १८५४ त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि कॉख यानें कलकत्त्यास १८८४ त तो वेगळा वाढवून दाखविला. ‘जरीमरी’ हें तर रोगाचें तसेंच देवतेचेंही नांव.

तेव्हां जुन्या पत्रांत कोणी मोडशीनें वारल्याचें आढळल्यास लगेच कॉलरा समजूं नये. किती प्रहरांत वारला, ऋतु कोणता, त्या गांवीं आणखी किती माणसें दगावलीं, हें त्याच कागदांत व शेजारच्या कागदांत पाहावें. पटकीचा जिवाणु आणि देवीचा विषाणु हा आजचा भेद तर तेथें शोधूंच नये. ‘जंतु’ या शब्दाचा जुना अर्थ केवळ प्राणी एवढाच होता.