दोसूतीवरचा बैल

अम्मीच्या इंतकालनंतर तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघी बहिणींनी भिवापूरच्या घरातली तिची लोखंडी पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासाखाली उशांचे सहा गिलाफ होते, ताटावर झाकायचा एक ख्वानपोश होता, कुरआन शरीफचे दोन जुजदान होते. सगळ्यात खाली काचेच्या फ्रेममध्ये एक मोर होता, दोसूतीवर भरलेला. आमच्या लहानपणी तो बैठकीत लटकत असे. अम्मीने तो कधी आणि का उतरवला, हे आम्ही तिला कधी विचारलेच नाही.

बहिणीचा मुलगा म्हणाला, "खाला, जानदाराची तसवीर आहे. ही ठेवायची कशाला?"

त्याच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. आधी हा मोर आमच्या घरात आला कुठून, ते शोधावेसे वाटले.

दोसूती म्हणजे दोन-दोन धागे एकत्र घेऊन विणलेले कापड. दुकानात त्याच प्रकारचे कापड 'मॅटी' म्हणून मिळते. त्यात उभे-आडवे धागे मोजता येतात आणि प्रत्येक घरात सुईने एक फुली घालता येते. कापडावर चित्र काढावे लागत नाही, फक्त मोजावे लागते. म्हणून या टाक्यातले सगळे प्राणी एकमेकांच्या नात्यातले दिसतात. मोराची मान गोल होत नाही, ती पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. पोपटाची चोच म्हणजे तीन-चार फुल्या. हरणाची शिंगे म्हणजे जिना. आमच्याकडे ज्याला सगळे कशिदा म्हणतात तो शब्द फारसी, 'कशीदन' म्हणजे ओढणे यावरून आलेला. धागा ओढायचा आणि घरे मोजायची.

पैठणीच्या पदरावरचा मोर आणि काठावरची मुनिया यांनाही अशाच पायऱ्या असतात, कारण तिथेही नक्षी धाग्यांच्या हिशेबानेच उभी राहते. धारवाडकडची कसुती तर पूर्णपणे मोजणीचीच. कापडावर काहीही न आखता हत्ती, मोर, पोपट, हरिण भरायचे. तिच्या चार टाक्यांपैकी एकाचे नाव 'मेंथी', म्हणजे मेथी. मेथीच्या दाण्यांसारखा दिसणारा हा टाका म्हणजे आपली फुलीच. तेव्हा फुलीचा टाका आणि त्यातले प्राणी परदेशातून आले असे सरसकट म्हणता येत नाही.

पण अम्मीच्या फ्रेममधला मोर परदेशातून आला असण्याचीच शक्यता जास्त आहे. मोजून भरण्याची कला इजिप्तमध्ये ममलूक सुलतानांच्या काळात चांगलीच रुजलेली होती. त्या काळातले भरतकामाचे तुकडे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यांत भौमितिक नक्षी आहे, आणि पक्षीही आहेत. युरोपात १५२० च्या दशकात जर्मनीत भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. १८०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने विकायला आले. एक चौकट म्हणजे एक टाका. आता चित्रकला न येणारी बाईही मोर भरू शकत होती. १८८६ मध्ये तेरेझ द दिलमाँ यांचा शिवण-भरतकामाचा मोठा कोश आला. त्यांचे काम फ्रान्समधल्या डीएमसी या धाग्याच्या कंपनीशी जोडलेले होते. ही कंपनी १७४६ पासूनची. धाग्याच्या लड्यांबरोबर नमुनेही जगभर गेले.

पॅलेस्टाईनमध्ये गावोगावच्या बायका आपल्या झग्यांवर हाच फुलीचा टाका भरतात. त्याला 'तत्रीझ' म्हणतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवाच्या वारशात केली. तिथली जुनी नक्षी बहुतेक भौमितिक होती. युरोपातली नमुन्यांची पुस्तके आणि तो धागा पोहोचल्यावर झग्यांवर गुलाब आणि समोरासमोर बसलेले पक्षी वाढले. हे वाचले तेव्हा मला अम्मीचा ख्वानपोश आठवला. त्यावरही दोन पक्षी समोरासमोर बसलेले आहेत, मध्ये एक फुलदाणी.

अम्मीला हे काम नानीने शिकवले. नानी उमरेडची. तिथले विणकर रेशीमकाठी कापडासाठी ओळखले जात, त्यामुळे धागा मोजणे तिच्या डोळ्यांना सवयीचे होते. लग्नानंतर अम्मी भिवापूरला आली. हंगामात ती सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडायला जाई. हात इतके जळत की घरी आल्यावर तेल लावून, धुऊन, बराच वेळ गेल्याशिवाय ती पांढऱ्या कापडाला हात लावत नसे. त्याच मजुरीतून ती धाग्याच्या लड्या आणी. नमुने एकीच्या घरून दुसरीच्या घरी जात आणि मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवले जात. माझ्या एका वहीची मधली चार पाने अशीच गेली. शाळेत त्याबद्दल मला बोलणी बसली, अम्मीला मात्र मी काही सांगितले नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. हजरत आयेशा (रजि.) यांनी लावलेला चित्रांचा पडदा पैगंबरांना (सल्ल.) आवडला नाही, आणि मग त्याच कापडाच्या उशा केल्या गेल्या, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्या अर्थावर उलेमांनी खूप चर्चा केली. अनेकांनी फरक केला तो असा: मानाने भिंतीवर लटकवलेले चित्र वेगळे, आणि रोजच्या वापरात टेकायला-बसायला घेतलेल्या कापडावरचे वेगळे.

मी पेटीतल्या वस्तू पुन्हा एकदा मांडून पाहिल्या. दोन्ही जुजदानांवर फक्त वेल आणि फुले. एकही पक्षी नाही. पोपट, बदके, हरणे होती ती उशांच्या गिलाफांवर आणि ख्वानपोशवर. आमच्या घरातल्या जानमाजवरही कधी प्राणी नव्हता. अम्मीने कोणतीही किताब उघडून हे ठरवले नसणार. नानीकडून जसा टाका आला तसाच कोणता प्राणी कुठे भरायचा हा हिशेबही आला असावा. राहिला फ्रेममधला मोर, आणि तो तर तिने स्वतःच उतरवून ठेवला होता. उतरवला, पण फेकला नाही.

एका गिलाफाच्या कोपऱ्यात मला एक प्राणी दिसला जो कोणत्याही विलायती नमुन्यात सापडणार नाही. तांबडा बैल, आणि त्याच्या पायांखाली चाके. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून, ओढत घरोघरी नेतात. शेजारच्या काकूंचा मुलगा दरवर्षी त्याचा बैल आमच्या दारात आणी आणि अम्मी त्याच्या हातावर पैसे ठेवी. तोच हा बैल. चाके फुल्यांत गोल होत नाहीत म्हणून अष्टकोनी झाली आहेत. एका चाकाची मोजणी एका घराने चुकली आहे. हा नमुना तिने कोणाकडून उतरवलेला नाही, स्वतः मोजून केलेला आहे, याची ती चूकच साक्ष देते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचे एक भरतकाम आहे. त्यावर कुत्रा आहे, हरिण आहे, आणि भरणारीने टाक्यांतच आपले नाव घातले आहे: जेन बॉस्टॉक. सव्वाचारशे वर्षांनंतरही ते काम तिच्या नावाने ओळखले जाते. अम्मीच्या सहा गिलाफांवर कुठेही नाव नाही. लिहायला तिला येत होते. आपल्या कामावर नाव घालायचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

भाच्याने बैलाचे चाक मोजून पाहिले, चूक शोधली आणि हसला. मोर आम्ही काचेतून काढला आणि गिलाफांबरोबर घडी करून ठेवला. प्रत्येक कापडासोबत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: तिचे नाव, भिवापूर, आणि आठवेल तेवढे साल. तुमच्याही घरात अशी पेटी असेल. ती उघडा, आणि भरणारी हयात असेल तर आजच तिच्याजवळ बसून विचारा, हा पोपट कोणाकडून उतरवलास?