जमिनीतला प्रवाह : अलिबागची वेधशाळा आणि हेडफोन अॅम्प्लिफायर

हेडफोन अॅम्प्लिफायर घरी जुळवणाऱ्याला सर्वांत चिवट वाटणारा दोष म्हणजे गाणे थांबले तरी कानात उरणारी घरघर. दुरुस्तीच्या टेबलावर तिला 'हमिंग' म्हणतात. पुष्कळदा तिचे मूळ अर्थच्या तारेतून वाहणाऱ्या नको त्या प्रवाहात असते, आणि नेमक्या अशाच प्रवाहापायी रायगडच्या किनाऱ्यावर, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग येथे, एक वेधशाळा उभी राहिली.

मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी 1841 पासून होत होत्या आणि 1859 चे विख्यात चुंबकीय वादळही तेथे टिपले गेले होते. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक तेथे सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय तीव्रतेचे अतिसूक्ष्म एकक) इतका असला, तरी शांत दिवशी त्यात होणारा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच, त्यामुळे बाहेरची किंचितही ढवळाढवळ नोंदीला परवडणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि ती रुळांतून परतते. परंतु रूळ जमिनीला टेकलेले असल्याने प्रवाहाचा काही भाग मातीत झिरपतो, वाट मिळेल तिकडे वाहतो आणि आपले चुंबकीय क्षेत्र सोबत नेतो. उपकरणात दोष नसताना मोजमाप बिघडवणारा हा प्रकार गाळणी लावून किंवा आच्छादन घालून थांबण्यासारखा नव्हता, कारण जे आच्छादन ट्रामचे क्षेत्र अडवील ते पृथ्वीचेही अडवील.

उरला उपाय अंतराचा. मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे, अलिबाग येथे लोखंड कटाक्षाने टाळून पोरबंदरी दगडाची इमारत बांधण्यात आली आणि 1904 मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. जुनी नोंदमाला तुटू नये म्हणून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन करून त्यांतील फरक निश्चित करण्यात आला; वेधशाळेच्या स्थलांतरातला हा सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल, कारण दोष दूर करताना मूळ मोजमापच बदलले तर दुरुस्ती खरी की खोटी हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती 1907 च्या मे महिन्यात, म्हणजे अलिबागची तयारी झाल्यावर.

हेडफोन या किनाऱ्याच्या पल्ल्यात आले ते नभोवाणीबरोबर. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. त्याचे प्रक्षेपण दीड किलोवॅटचे होते आणि साध्या संचावर ते सुमारे 48 किलोमीटरपर्यंत ऐकू येई, म्हणजे अलिबाग त्या वर्तुळात बसत होते. हा साधा संच म्हणजे गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, एक वेटोळे आणि हेडफोन. (गॅलिना वापरणाऱ्या तरंगशोधकाचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्येच मिळाले होते.) त्याला वीजपुरवठा लागत नसल्याने हमिंगचा प्रश्नच नव्हता, आवाज मात्र क्षीण असे, आणि तो वाढवण्यासाठी जोडलेला एका व्हॉल्व्हचा वर्धक हाच घरगुती हेडफोन अॅम्प्लिफायरचा पूर्वज. पुढे ट्रान्झिस्टर आणि मग आयसी आले, सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही ठरलेली बाजारपेठ झाली, आणि घरगुती वर्धक बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मरवर चालू लागले, तेव्हा घरघरही त्यांच्यासोबत आली.

तिचे निदान कानानेही बरेचसे होते. भारतातील वीज 50 हर्ट्झची, आणि पूर्ण-तरंग दिष्टकारी (उलटसुलट प्रवाह एकदिशा करणारी जोडणी) तिच्यातून 100 हर्ट्झचा तरंग निर्माण करते. म्हणून घरघर 100 हर्ट्झची, किंचित कर्कश असेल तर पुरवठ्यातला मोठा कंडेन्सर संशयित, आणि ती 50 हर्ट्झची, जाड असेल तर अर्थचे वेटोळे किंवा ट्रान्सफॉर्मरचे सान्निध्य. वेटोळे म्हणजे दोन उपकरणे दोन वाटांनी अर्थला जोडली जाणे. मग त्या दोन बिंदूंमधील विभवांतर ध्वनीच्या तारेतून प्रवाह ढकलते, जसा ट्रामचा प्रवाह मुंबईच्या मातीतून वाट काढी. येथे अंतर ठेवण्याची सोय नसते, म्हणून मंडलातील सर्व अर्थ एकाच बिंदूला आणून जोडतात.

किनाऱ्यावर आणखी एक दोष भेटतो, आणि त्याचा विजेशी संबंध कमी, समुद्राशी जास्त: खाऱ्या दमट हवेने तांब्याच्या पायांवर हिरवट थर चढतो, व्हॉल्यूमच्या फिरकीखालची संपर्कपट्टी खराब होऊन फिरवताना करकर होते, आणि कच्चे सोल्डर, ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात, पावसाळ्यात एक कान बंद पाडते. पुरवठ्याचा दोष यापासून वेगळा काढायचा तर वर्धकाचा ट्रान्सफॉर्मर सोडवून तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहतात. घरघर गेली आणि करकर राहिली, तर पुढचे काम सोल्डरिंग आयर्नचे आणि स्पिरिटच्या बोळ्याचे असते.