सातबारा आणि न जुळणारी बेरीज

माझे वास्तव्य असलेल्या गाझियाबादेत जमिनीची मालकी खतौनीत व पीक खसऱ्यात पाहावे लागते. महाराष्ट्राने गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व नमुना बारा (पिकांची नोंदवही) एकाच कागदावर आणले. तोच आपला सातबारा. अशा अभिलेखाचा साचा बदलताना जुन्या नोंदींतील चुकांचे काय करावे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे.

एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना तो प्रकर्षाने उभा राहिला. २ एकर ३० गुंठे म्हणजे सुमारे १ हेक्टर ११.२९ आर. तीन भावांच्या नावे पूर्ण आरांत मांडल्यास प्रत्येकी ३७, एकूण १११. उरलेले २९ चौरस मीटर कोणाचे?

कागदावर अशी तफावत वर्षानुवर्षे निमूट राहते. यंत्र मात्र बेरीज तपासते. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरण योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. वर्धा त्यांतील एक. पुढे ई-फेरफार प्रणालीत खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी न जुळणाऱ्या नोंदी वेगळ्या दाखवल्या जाऊ लागल्या. येथे दोन वाटा संभवतात. एक, कोणाचा तरी आकडा कमीजास्त करून बेरीज जुळवणे. दुसरी, हस्तलिखित सातबारा व फेरफार नोंदवही काढून चूक कोठे शिरली ते शोधणे. पहिली वाट जलद आहे आणि धोक्याचीही. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. लेखनिकाने 'जुळवलेला' आकडा उद्या शेतकऱ्यालाच न्यायालयात खोडावा लागतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो हाच.

कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची मुभा देते. मात्र तपासणीत अधिकाऱ्याला आढळलेली चूक हितसंबंधितांना नोटीस दिल्याखेरीज दुरुस्त करता येत नाही. २०१७ चे चावडी वाचन याच तत्त्वाचे व्यापक रूप होते: संगणकातील नोंद गावासमोर वाचायची आणि आक्षेप ऐकायचे. त्यानंतर, १ मे २०१८ पासून, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला. प्रलंबित फेरफारही उताऱ्यावर दिसू लागले.

यातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध साधा आहे. न जुळणारी नोंद थांबवावी, जुना अभिलेख जपावा, दुरुस्ती कोणत्या आदेशाने झाली ते लिहून ठेवावे, आणि ज्याची जमीन त्याला आधी विचारावे.